लेक आत, आई बाहेर

माझ्या लेकीला पहिली पाळी आली ही बातमी आमच्या घरात मला सर्वांत शेवटी कळली. २०२४ सालच्या जून महिन्यातली गोष्ट आहे. दुष्काळामुळे करिबा धरणाचे पाणी खाली गेले होते, झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि मी कामावरून येऊन अंधारात मेणबत्ती चाचपडत असतानाच मोंगूहून नणंदेचा फोन आला. मुलगी मोठी झाली, आईच्या (म्हणजे माझ्या सासूबाईंच्या) कानावर घातले आहे, सुट्टी लागली की तिला घेऊन या, एवढेच तिने सांगितले. मुलगी शेजारच्याच खोलीत होती. मी विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आत्यानंच सांगितलं होतं, असं झालं की आधी मला नाहीतर कुकूला कळव, आईला नको." कुकू म्हणजे आजी. झांबियाच्या कायद्याने प्रत्येक नोकरदार बाईला महिन्यातून १ दिवस डॉक्टरची चिठ्ठी न दाखवता रजा मिळते आणि ती आई असो वा नसो, त्या रजेला सगळे 'मदर्स डे' म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी ती रजा टाकली आणि घरी बसून दिवसभर रुसले, हे कबूल करायला हवे.

माझे सासर लोझी जमातीतले आहे. पुण्यात शिकायला आलेल्या एका मुलाशी मी लग्न केले आणि त्याच्यामागे लुसाकाला आले. त्याचे गाव मात्र तिथून सुमारे ६०० किलोमीटर पश्चिमेला, झांबेझीच्या पूरमैदानाच्या काठावर, मोंगूजवळ आहे. या मुलखाला बाहेरचे लोक बारोत्सेलँड म्हणतात, घरचे लोक बुलोझी म्हणतात. मुलगी वयात आली की तिला काही दिवस वेगळे ठेवून वडीलधाऱ्या बायकांनी शिकवायचे, या विधीला इथे सिकेंगे म्हणतात आणि त्यात बसलेल्या मुलीला म्वाल्यांजो. शेजारच्या लुवाले आणि म्बुंदा लोकांत मुलग्यांसाठी मुकांडा असतो, त्यांच्या मुखवट्यांची कीर्ती तर युनेस्कोच्या यादीपर्यंत पोचली आहे. लोझींमध्ये मुलग्यांना असे काही नाही. सासूबाई एकदा आपल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या की, याला कोणी काही शिकवले नाही, आणि ते दिसतेच आहे.

माझे स्वतःचे शिक्षण १९९५ साली पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये दोन मिनिटांत उरकले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके आईने हातात ठेवले आणि चार दिवस देवघराकडे फिरकू नकोस असे बजावले. शेजारच्या काकूंनी विचारले तर "कावळा शिवलाय" एवढेच उत्तर. खुद्द माझ्या आईला मात्र सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावी चौथ्या दिवशी न्हाऊ घालून मखरात बसवले होते, बायकांनी ओटी भरली होती, गाणी म्हटली होती. ती कोणती, हे तिने आम्हाला कधी सांगितले नाही. गावातून शहरात येताना ट्रंकेत जे मावले नाही त्यात ते मखरही राहिले असावे, असे मला वाटते. विटाळ तेवढा बरोबर आला.

तरीही मी लगेच होकार दिला नाही. सिकेंगेबद्दल मी जे ऐकून होते त्यात काळजी वाटण्यासारखे पुष्कळ होते. झांबियाच्या अनेक भागांत अशा विधीनंतर मुलगी लग्नाची झाली असे धरले जाते, शाळा सुटते, आणि म्हणूनच विवाहाचे किमान वय सर्वांसाठी १८ करणारी दुरुस्ती २०२३ च्या डिसेंबरमध्ये कायद्यात झाली. आपल्याकडे १८९१ साली संमतिवयाचा कायदा १० वरून १२ वर नेताना केवढे रण माजले होते हे ठाऊक असलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या रूढींकडे नाक वर करून पाहू नये, हे मला कळत होते. पण आपली मुलगी मध्ये असली की इतिहासाचा उपयोग फारसा होत नाही. मी नणंदेला फोन लावला. ती परिचारिका आहे, स्वतः सिकेंगेतून गेलेली आहे, आणि तिच्या दोन मुलीही गेलेल्या आहेत. तिने मला न रागावता सांगितले की, पूर्वी मुलीचे लग्न सिकेंगेपाठोपाठच होई, म्हणून संसाराचे आणि नवराबायकोचे सगळे शिक्षण एकाच वेळी देत असत. आता आमच्या घरात त्याचे सरळ दोन तुकडे केले आहेत. शरीराची स्वच्छता, पाळी, वागणूक, घरकाम, मोठ्यांचा मान आणि स्वतःला जपणे हे आता. उरलेले सगळे लग्न ठरेल तेव्हा, लग्नाआधी नवरीसाठी बायका जमतात त्या किचन पार्टीच्या वेळी, मग ते ३० व्या वर्षी ठरो.

मी माझ्या अटी घातल्या. शाळा एकही दिवस बुडणार नाही, मारझोड नाही, लग्नाचा विषय नाही, शरीराला इजा होईल असे काही नाही, पाणी उकळलेले, आणि फोन तिच्याजवळ राहील. शिकवणाऱ्या आजी गावातल्याच, नात्यातल्या नव्हेत, पण सासूबाईंच्या मैत्रीण. त्यांनी नणंदेमार्फत निरोप पाठवला की बाकी सगळे कबूल, पाणी उकळायला सरपण तुम्ही आणा, फोन मात्र आत येणार नाही. कालावधीवर सर्वांत जास्त घासाघीस झाली. त्यांना महिना हवा होता. त्या वर्षी कॉलऱ्याच्या साथीमुळे शाळा जानेवारीऐवजी १२ फेब्रुवारीला उघडल्या होत्या, त्यामुळे पुढच्या सुट्ट्यांचे सगळे गणितच बिघडले होते. शेवटी १४ दिवसांवर सौदा ठरला. माझ्या नवऱ्याने या सगळ्यात तोंड उघडले नाही. हा बायकांचा विषय आहे आणि मला त्यातले काही माहीत असण्याचीही सोय नाही, असे तो म्हणाला. ते खरेही होते आणि त्याच्या सोयीचेही होते.

सुट्टी लागताच पहाटे निघालो. ग्रेट वेस्ट रोड काफुए अभयारण्याच्या मधून जातो, तिथे गतिरोधकावर गाडी हळू झाली की हत्ती दिसेल या आशेने लेक काचेला नाक लावून बसते, पण त्या दिवशी ती गप्प होती. काओमा मागे पडले की माती संपते आणि कालाहारीची पांढरी वाळू सुरू होते, काजूची झाडे दिसू लागतात, आणि मोंगूच्या उंचवट्यावरून एकदम सगळे मैदान उघडे पडते. पावसाळ्यानंतर तिथे क्षितिजापर्यंत पाणी असते. लोझींचे सगळे जगणेच त्या पाण्याच्या चढउतारावर बेतलेले आहे: पाणी उतरले की मैदानात गुरे, शेती आणि मासेमारी, पाणी चढले की काठावरच्या उंच गावात. राजाला लितुंगा म्हणतात, म्हणजे भूमीचा राखणदार, आणि तो पाणी चढले की मैदानातल्या लेआलुईहून काठावरच्या लिमुलुंगाला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या नालिक्वांडा नौकेतून जातो, तो कुओम्बोका सोहळा पाहायला जगभरातून माणसे येतात. त्या वर्षी मैदानात नौका तरंगेल एवढे पाणीच आले नाही आणि कुओम्बोका रद्द करावा लागला. सासूबाईंनी हे आम्हाला गाडीतून उतरताच सांगितले, घरातले कोणी गेल्याचे सांगावे तशा आवाजात. मग त्याच दमात म्हणाल्या, "राजाची नाव निघाली नाही, पण मुलगी काही पावसासाठी थांबत नाही."

गावात शिरल्यावर पहिली परीक्षा माझी होती. लोझींमध्ये वडीलधाऱ्यांसमोर उभ्याने बोलत नाहीत; खाली बसून, दोन्ही तळहात किंचित खोलगट करून हळू टाळ्या वाजवत नमस्कार करतात आणि मग विचारपूस होते. "मु झुहिले च्वानी?" म्हणजे आपण कसे उठलात. त्यातला 'मु' आदरार्थी, लहानांसाठी तिथे 'उ' येतो. माझ्या लेकीला घरात मराठीतले तू आणि तुम्ही पाठ असल्यामुळे हे तिला बोबड्या वयातच जमले. लुसाकात इंग्रजीत वाढलेल्या तिच्या चुलतभावंडांना अजूनही अडखळायला होते. शिकवणाऱ्या आजींनी तिचे दोन शब्द ऐकले आणि समाधानाने मान हलवली. माझ्याकडे पाहून मात्र त्यांनी नणंदेला काहीतरी विचारले. नंतर कळले की प्रश्न असा होता: हिला हिच्या माणसांनी बसवले होते का? नणंदेने नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग हिला बाहेरचं काम जरा जास्त द्या."

आत नेण्याचा क्षण मला कोणी आधी सांगितला नव्हता. संध्याकाळी लेक चुलत बहिणींबरोबर अंगणात बसून शेंगा सोलत होती. घराभोवतीच्या बोरूच्या कुडामागून चारपाच बायका निघाल्या, कोणीतरी तिच्यावर मागून घोंगडी टाकली, जिभेच्या टोकाने काढलेला तो उंच कंप पावणारा आनंदाचा आवाज उठला, ढोल वाजू लागला, आणि घोंगडीखालचा तो गोळा वाकलेल्या स्थितीत पलीकडच्या झोपडीत गेला. शेंगांची टोपली उपडी झाली होती. मी उठले, तर सासूबाईंनी माझ्या लुगड्याला धरावे तसे कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे या छापील कापडाला धरून मला खाली बसवले. त्या क्षणापासून १४ दिवस मी माझ्या मुलीचा चेहरा पाहिला नाही. पुरुषांना तर त्या झोपडीच्या वाटेनेही जायला बंदी होती; माझा नवरा विहिरीवर जाताना उगाचच मोठा वळसा घालून जाई.

आत काय चालते हे मी सांगू शकत नाही, आणि जेवढे नंतर कळले तेही सगळे लिहिणार नाही. बाहेरून जे दिसले आणि ऐकू आले ते मात्र माझे आहे. म्वाल्यांजो भिंतीकडे तोंड करून चटईवर बसते, मान खाली, आवाज कुजबुजीपुरता. बाहेर जावे लागले तर नखशिखांत पांघरलेली, पुढे एक बाई, मागे एक. पहाटे अंधारात अंघोळ. मला रोज दिसत ती फक्त तिची पावले. झोपडीच्या दारातला पडदा वीतभर आखूड होता, आणि सकाळी त्यातून दोन टाचा दिसत, वाळूने पांढऱ्या पडलेल्या. तिसऱ्या दिवशी त्या टाचांवर तेल चकाकत होते. पाचव्या दिवशी उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती आणि मी दिवसभर कोणाशी बोलले नाही. मुसळ पायावर निसटले होते, बाकी काही नाही, असे नणंदेने संध्याकाळी सांगितले.

मला खरोखरच जास्त काम दिले गेले. उखळात मका कांडायला दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात आणि आळीपाळीने मुसळ टाकतात. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळते. माझा ताल पहिले चार दिवस चुकत राहिला. त्या वर्षी मक्याच्या पिठाचे भाव गगनाला भिडले होते, म्हणून बुहोबेत कसावाचे पीठ मिसळत होतो. बुहोबे म्हणजे घट्ट उकड म्हणा, पण ती घोटायला मनगटात जी ताकद लागते ती उकडीला लागत नाही. सासूबाई बाजूला बसून सूचना करीत: भांड्याकडे पाठ करू नकोस, पाहुण्याच्या हातावर आधी पाणी घाल, पुरुषमाणसाला ताट देताना गुडघा टेक. शेवटच्या सूचनेवर माझे आणि त्यांचे एकमत झाले नाही आणि अजून झालेले नाही. आत माझी मुलगी हेच शिकत असणार हे जाणवले तेव्हा थोडा संतापही आला. नणंदेला मी तसे बोलले. ती म्हणाली की तीही नवऱ्यापुढे गुडघा टेकत नाही, पण इस्पितळात म्हाताऱ्या रुग्णाशी बोलताना आपोआप खाली बसते, आणि ते तिला आतच कोणीतरी शिकवले होते.

संध्याकाळी गाणी सुरू होत. कुडाच्या भिंतीतून आवाज येई, चेहरे नाहीत. आळशी मुलीची टर उडवणारी, चुगलखोर शेजारणीची, नदीवर घागर फोडून आलेलीची. काही गाण्यांवर आतल्या बायका खोखो हसत. काही ओळी नणंदेलाही कळत नव्हत्या. ती म्हणाली की त्या सिलुयानातल्या आहेत. आजची लोझी भाषा १९ व्या शतकात इथे येऊन राज्य केलेल्या कोलोलोंच्या सोथो बोलीतून घडली. १८६४ साली लोझींनी त्यांची सत्ता उलथवली, पण त्यांची भाषा ठेवून घेतली. त्याआधीची सिलुयाना दरबारात, राजाच्या स्तुतीत आणि अशा काही गाण्यांत उरली. म्हणजे माझी पुणेरी-लुसाकाई मुलगी कुडाआड बसून जे शब्द पाठ करत होती त्यांचा अर्थ तिच्या आत्यालाही ठाऊक नव्हता. मला लहानपणी अर्थ न कळता पाठ केलेली स्तोत्रे आठवली.

सासूबाई चर्चच्या पक्क्या आहेत. पॅरिसच्या मिशनच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी १८८० च्या दशकात या मुलखात ठाणे मांडले आणि असल्या विधींना पाखंड म्हटले. सासूबाईंच्या आईने मुलीला बसवले ते रात्री, ढोल न वाजवता, शेजाऱ्यांना ताप आलाय असे सांगून. आता त्याच चर्चच्या बायका शिकवायला येतात आणि सुरुवातीला प्रार्थना म्हणतात. मी विचारले की तुम्हाला यात विसंगती वाटत नाही का. त्या म्हणाल्या, "आमच्या बायका सणाला घालतात ती मुसीसी कुठून आली, सांग बरं?" ती घोळदार घागऱ्यांची मुसीसी मिशनऱ्यांच्या बायकांच्या पोशाखावरून आली, आणि आज तिच्याशिवाय लोझी बाई सजत नाही.

आता माझा गुन्हा. सातव्या दिवशी रात्री आतून रडण्याचा आवाज आला. लहान, दाबलेला, पण आई तो ओळखते. मी दाराशी गेले तर पडद्यातून एक हात बाहेर आला आणि मला थोपवून आत गेला. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी आत द्यायच्या पॅडच्या पाकिटात मी एक चिठ्ठी घातली, मराठीत, म्हणजे कोणालाच वाचता येणार नाही. दुपारी अंगणात चटया अंथरल्या गेल्या, शिकवणाऱ्या आजी, सासूबाई आणि आणखी तिघी बसल्या, आणि मला समोर बसायला सांगितले. चिठ्ठी मधोमध ठेवली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक शेंग. लोझींना न्यायनिवाड्याची फार हौस. मॅक्स ग्लकमन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्या न्यायपद्धतीवर १९५५ साली आख्खे पुस्तक लिहिले आहे, आणि माझ्या नवऱ्याच्या घरात गाय कोणाच्या शेतात शिरली यावरही तीन तास बैठक चालते. मी टाळ्या वाजवून नमस्कार केला. आजी म्हणाल्या, वाच.

मी वाचले. "घाबरू नकोस. मी बाहेरच आहे. नको वाटत असेल तर आत्याला सांग, आपण लगेच घरी जाऊ. कोणी काही म्हणणार नाही." नणंदेने लोझीत सांगितले. कोणी काही बोलले नाही. मग आजींनी विचारले की, कोणी काही म्हणणार नाही हे तू कोणाला विचारून लिहिलेस? मी गप्प. त्या पुढे म्हणाल्या की पहिल्या रात्रीच त्यांनी मुलीला सांगितले होते, हे दार बाहेरून लावलेले नाही, जायचे तर पहाटे जा, अंधारात पडशील. ती गेली नाही. काल ती रडली कारण तिला एक गाणे येईना आणि बाकीच्या हसल्या. "आज येतं," असे म्हणून त्यांनी आत हाक मारली, आणि कुडापलीकडून माझ्या मुलीने एकटीने, अत्यंत बेसूर, पण न अडखळता ते गाणे म्हटले. मला २ कोंबड्या आणि १ चितेंगे असा दंड झाला. एक कोंबडी मी देणार म्हटले; सासूबाईंनीच मला डोळ्यांनी गप्प केले.

त्या निवाड्यानंतर सासूबाई माझ्याशी जरा मोकळेपणाने बोलू लागल्या. मी विचारले की, माझी मुलगी अर्धी परकी आहे, तरी तुम्ही तिला बसवलेत, ते कसे. त्यांना प्रश्नच कळला नाही. लोझींमध्ये मूल फक्त बापाच्या कुळाचे नसते. आई आणि बाप, दोन्हीकडच्या आज्यापणज्यांच्या घरावर त्याचा हक्क चालतो, त्याने कुठेही जाऊन राहावे. त्यांनी राजघराण्याचा दाखला दिला: राजवंशाची सुरुवातच म्बुयाम्वाम्ब्वा या आदिमातेपासून सांगतात, आणि दक्षिणेला नालोलोला आजही राजकन्याच गादीवर बसते, तिचीही स्वतंत्र नौका आणि स्वतंत्र दरबार असतो. "अर्धी कशी? ती तुझ्याकडचीही पूर्ण आणि माझ्याकडचीही पूर्ण," असे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. हिशेब चुकला होता, पण मी दुरुस्त केला नाही.

चौदाव्या दिवशी पहाटे तिला बाहेर काढले. मी तीनलाच उठले होते. बायका तिला पांघरलेल्या अवस्थेत पाण्यावर घेऊन गेल्या; तिथेही मला जायची मुभा नव्हती. उजाडल्यावर अंगणात नवी चटई पडली, ढोल तापवून घेतले, मुसीसी घातलेल्या बायका गोल करून उभ्या राहिल्या, आणि ती आली: कमरेपासून नवे कापड, गळ्यात आणि कपाळावर मणी, दंड तेलाने चकचकीत, मान खाली. नाचायला सांगितले तेव्हा मात्र ती नाचली, आणि पहिल्यांदाच मला कळले की त्या दोन आठवड्यांत पावलांखालच्या वाळूचे तिच्याशी काहीतरी जमले होते. मधेच एक मण्यांची माळ तुटली. मणी वाळूत गेले, लहान पोरे धावली, ती न थांबता नाचत राहिली, लुसाकाची माझी मुलगी असती तर "शी!" म्हणून थांबली असती. लोक पुढे होऊन चटईवर नोटा टाकत होते. तिच्या वडिलांना पुढे बोलावले. या सगळ्यात दोन आठवडे वळसे घालणारा तो माणूस मुलीसमोर उकिडवा बसला, नोट ठेवायला गेला, आणि ती त्याच्या हातातच राहिली. तिने डोळे वर न करता टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी त्याच्या हातातून नोट काढून चटईवर ठेवली.

जेवणात मोंगूचा तांदूळ, मासे, कोंबड्या आणि माबिसी, म्हणजे आंबवलेले घट्ट दूध, होते. दंडाची एक कोंबडी मी ओळखली. छायाचित्रे फारच थोडी आहेत, सगळी जेवणानंतरची. कुओम्बोकाला हजारो कॅमेरे असतात, इथे आजींनी एका पोरीचा फोन चितेंग्याच्या घडीत टाकून दिवसभर परत दिला नाही.

परतीच्या वाटेवर काफुएत हत्ती दिसला आणि लेक ओरडली, त्यामुळे मला हायसे वाटले. काय शिकवले, मी विचारले. तिने सांगितले ते असे: पाळीचे दिवस कसे मोजायचे, कपडे कसे धुवायचे, कोणी अंगचटीला आले तर कुठे ओरडायचे आणि कोणाकडे जायचे, मासा साफ कसा करायचा, आजीशी कसे बोलायचे, आणि बरेच काही जे तुला सांगायचे नाही. "तुला बसवलं नव्हतं ना, म्हणून," असे तिने समजुतीच्या सुरात स्पष्ट केले. शाळा उघडली, ती शाळेत गेली, मण्यांची उरलेली माळ दप्तराच्या आतल्या कप्प्यात आहे. तिला गुडघा टेकायला शिकवले याचा माझा राग गेलेला नाही. शिकवणाऱ्या आजींना मी दिवाळीत चकल्या पाठवल्या, हेही तितकेच खरे आहे.

ऑक्टोबरात, वीज होती अशा एका संध्याकाळी, पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आईला मी सिकेंगेचे तुकड्यातुकड्यांनी सांगितले होते आणि ती इतके दिवस "हं" यापलीकडे गेली नव्हती. त्या दिवशी तिने नातीला सरळ विचारले, "गाणी म्हटली का गं तुझ्यासाठी?" लेक म्हणाली, "हो, पण ती सांगायची नसतात, आजी." आई थोडा वेळ पडद्यातून तिच्याकडे पाहत राहिली. मग पदराने चष्मा पुसून म्हणाली की, मखरात बसवलं तेव्हा आमच्याकडेही म्हटली होती, दोन तर मला अजून येतात. मी पुढे सरकले. आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तू जरा बाहेर जा गं. आणि दार लोटून घे."